पाहुणे आले की फुटणारी फळी

चिपळूणहून अंबडला थेट गाडी नाही, आणि तिथे जायला माझ्याकडे तसं सबळ कारणही नव्हतं. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, "जालना जिल्हा? तिकडे कोण आहे तुमचं?" मी म्हटलं, "आमचं मशीन आहे." त्यांनी जरा काळजीने माझ्याकडे पाहिलं. आमचे हे गेल्यापासून त्या माझ्याकडे तशाच पाहतात.

पण मशीन खरंच होतं. ह्यांनी उभा केलेला आमचा दरवाजे बनवण्याचा छोटा कारखाना होता, आणि त्यात एक हॉट प्रेस होता. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: सँडविचचा टोस्टर असतो ना, तसाच, फक्त खोलीएवढा. दोन तापलेल्या जाड लोखंडी पाट्या, मध्ये डिंक लावलेलं लाकूड ठेवायचं आणि दाबायचं. ह्यांचा जीव त्या प्रेसवर होता. माझाही होता, पण मी तो हिशेबाच्या टेबलामागून लावत असे. हे गेले, कारखाना बंद पडला, आणि अंबडचा सलीम शेख ट्रक घेऊन येऊन प्रेस घेऊन गेला. आमच्या शेडमध्ये जमिनीवर तेलाचा एक मोठा डाग राहिला.

सलीमला दरवाजे करायचे नव्हते. झाड तोडलं की खोड व्यापारी नेतात, पण फांद्या, शेंडे, डहाळ्या तिथेच पडून राहतात. त्याला त्यांच्या चपट्या काड्या काढून, डिंकात घोळून, दाबून भार पेलणाऱ्या फळ्या करायच्या होत्या. शोकेसच्या नव्हे, माणूस उभा राहील अशा. मी त्याला "होईल की" असं म्हटलं होतं, कारण विकणारा माणूस दुसरं काय म्हणणार?

मग फोन यायला लागले. "काकू, तख्ता फुटला." फळीला तो तख्ता म्हणतो. एक दिवस चार तख्ते खणखणीत निघायचे आणि दुसऱ्या दिवशी प्रेस उघडला की फाट् आवाज होऊन तख्ता मधोमध फुगायचा, पदर सुटायचे. मी विचारायची, तापमान किती होतं, दाब किती, डिंक कधी कालवला. तो इमानदारीने सांगायचा. मी ह्यांच्या वेळचं आठवून काहीतरी उपाय सुचवायची, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा फोन. लेक बंगळुरूला आहे, तिचा फोन रविवारी येतो, त्यातला अर्धा नातवाला "आजीला हाय कर" म्हणण्यात जातो. सलीमचा फोन रोज यायचा. मी कुकर लावायची आणि फोन ओट्यावर ठेवायची. मशीन नीट चालत नाही याचं मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटत होतं, हे सरळच सांगते.

शेवटचा फोन वेगळा होता. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळेच्या खोल्या बांधणारी एक संस्था होती. ओल्या मातीपासून उचललेली, फळ्यांची जमीन त्यांना करायची होती. त्यांचे इंजिनिअर दोनदा येऊन गेले. अट एकच, फळी आमच्यासमोर बनवा आणि आमच्यासमोर भार घालून दाखवा. दोन्ही वेळा फळी त्यांच्यासमोरच फुटली. आता गुरुवारी शेवटचं येणार होते. "काकू, तुम्ही एकदा येऊन जाता का?" सलीम म्हणाला. त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं होतं.

सोमवार, अंबड

एसटीतून उतरले आणि पहिल्यांदा ओठांना कळलं की कोकण संपलं. आमच्याकडे डब्यातले पापडसुद्धा मऊ पडतात. इथल्या हवेत ओलावा औषधालाही नव्हता. पदर झटकला तर त्यातून धूळ निघाली, आणि मी तर नुकतीच उतरले होते. समोर टेकडीवर देवीचं देऊळ दिसत होतं. तेवढी एक चढण सोडली तर सगळं सपाट. डोंगर बघायची सवय असलेल्या डोळ्यांना कुठे टेकावं तेच कळत नव्हतं.

सलीम पिकअप घेऊन आला होता. पस्तिशीचा, किडकिडीत, दाढीत भुसा अडकलेला. "बराबर टायमाला आल्या काकू. प्रवासात तरास न्हाई ना झाला?" त्याची शेड गावाबाहेर अंकुशनगरच्या रस्त्याला आहे. उसाने लादलेले ट्रॅक्टर आमच्यापुढून डुलत चालले होते आणि त्यांच्यामागे आम्ही गोगलगाईसारखे.

शेडच्या अंगणात नुकतंच पाणी शिंपडलेलं होतं. ओल्या मातीचा वास येत होता. दारात गयाबाई उभ्या होत्या. साठी ओलांडलेल्या, नऊवारी घट्ट कसलेली. लाकूड वाळवणं, निवडणं, अंगण राखणं हे सगळं त्यांच्याकडे आहे. सलीमच्या वडिलांच्या लाकडाच्या वखारीत त्या तरुणपणापासून होत्या. त्यांनी माझ्या पायांवर तांब्याने पाणी घातलं आणि म्हणाल्या, "या माय. लांबून आलासा."

आणि मग शेडमध्ये तो प्रेस. सलीमने त्याला हिरवा रंग दिलेला. आमचा निळा होता. मी पाटीच्या कडेला हात लावला तेव्हा गरम होती. दोन वर्षांनी तिला गरम बघितलं. सलीम काहीतरी दाबाबद्दल सांगत होता, ते मला ऐकूच आलं नाही.

मुक्काम सलीमच्या घरी, गावात. त्याची बायको शाहीन घरात उर्दू बोलते, माझ्याशी मात्र एकेक शब्द जोडून मराठी. जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसराची आमटी. भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ घालून केलेली ही आमटी आमच्याकडे नाही. आमचं सगळं नारळावर आणि आमसुलावर चालतं. मी दोनदा मागून घेतली. शाहीनने खास माझ्यासाठी भातही लावला होता. "कोकणात चावलच खातात ना काकू?" जेवण झाल्यावर तिने मला घरातली सगळ्यात चांगली खोली दिली, नवी चादर घातली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि मला त्रास नको म्हणून हळूच दार ओढून घेतलं. भिंतीपलीकडे घरची मंडळी हसत-बोलत होती. आदराने माणूस फार एकटा पडतो. मी बाहेर जाऊन त्यांच्यात बसले असते तर चाललं असतं बहुतेक, पण मला ते जमलं नाही.

मंगळवार

सकाळी त्यांनी माझ्यासमोर फळी करून दाखवली. बाभळीच्या आणि कडुलिंबाच्या फांद्या यंत्रात घातल्या की बोटाएवढ्या लांब, चपट्या काड्या बाहेर पडतात. ह्या काड्या वाळवून ढीग घालतात. फिरत्या पिंपात त्यांच्यावर डिंक चढतो. मग चौकटीत थर लावायचे. खालच्या थरात काड्या उभ्या, मधल्यात आडव्या आणि त्यात कापसाच्या पऱ्हाट्या मिसळलेल्या, वर पुन्हा उभ्या. ह्यामुळेच फळीला ताकद येते. एका दिशेने वाकायला गेली तर दुसरीकडच्या काड्या धरून ठेवतात.

मी डोळ्यांत तेल घालून प्रेस पाहिला. तापमान ठीक, दाब ठीक, पाट्या समांतर. हे जसे कान लावून पंपाचा आवाज ऐकायचे तशी मीही ऐकत होते. काही दोष नव्हता. वेळ झाली. सलीमने हळूहळू दाब सोडला.

फाट्!

आवाजाने मी मागे सरले. फळीच्या पोटातून वाफ फसफसून बाहेर आली आणि मधोमध पुरीसारखा फुगा उठला. सलीम त्या फुग्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "काल चांगले निघाल्ते, काकू. कसम से. तुम्ही येण्याच्या आधी."

गयाबाई आत गेल्या, मुठीत मीठ-मोहरी घेऊन आल्या आणि मशीनवरून उतरवायला लागल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रेसच्या खांबाला लिंबू-मिरच्याही बांधलेल्या आहेत. "कोणी बघाया आलं की दिष्ट लागती," त्या म्हणाल्या. "साहेब आल्ते, फुटली. ह्याचा साडू आल्ता, फुटली. परवा बँकेचं मानूस आलं, फुटली."

आणि आज मी आले.

आमच्याकडे असं कोणी तोंडावर म्हणत नाही. आमच्याकडे हळदीकुंकवाचं बोलावणं नुसतं येत नाही. मी एवढ्या लांब आले होते ते कोणाच्या तरी उपयोगी पडायला, आणि इथेही कपाळ बघून हिशेब झाला असं वाटलं. मी बाहेर जाऊन बाभळीच्या ढिगावर बसले. काटे टोचत होते तरी उठले नाही. परतीची एसटी कधी आहे हे विचारायचं मनात आलं, पण विचारलं असतं तर रडू आलं असतं.

बुधवार, मंठ्याचा रस्ता

मंठ्याच्या बाजूला वनखात्याच्या लागवडीत दाटीतली झाडं काढून विरळणी झाली होती आणि उरलेल्या फांद्यांची परवानगी सलीमला मिळाली होती. मी म्हटलं मीही येते. शेडमध्ये बसून नुसती मशीनला दृष्ट लावत राहण्यापेक्षा ते बरं.

निघण्याआधी सकाळीच शेडवर थांबलो. सलीम टायरमध्ये हवा बघत होता. गयाबाई बादली घेऊन अंगणात पाणी शिंपडत होत्या, हात फिरवून, सारखं, एक थेंब वाया न घालवता. अंगण झालं तशा त्या काड्यांच्या ढिगाकडे वळल्या आणि ओंजळ-ओंजळ पाणी त्याच्यावर उडवलं.

"गयाबाई, तिथे कशाला?"

"भुसा उडतो ना माय. वारं सुटलं म्हंजी डोळ्यांत जातो. तुम्ही त्या बाजूलाच बसता."

"रोज टाकता पाणी?"

त्या हसल्या. "रोजच्याला कुठून आनू? टँकरचं पानी हाय. पाव्हनं-रावळं आलं तरच."

मी ढिगात हात घातला, आतपर्यंत, आणि मूठ दाबून उघडली. वाळलेल्या काड्या मूठ उघडली की सुटून पडतात. ह्या हाताला चिकटून राहिल्या. ओलं लाकूड तापलं की वाफ धरतं, आणि दाब सोडला की ती वाफ फळी फोडून बाहेर येते. चिपळूणला आम्ही सतत ओलीच्या मागे लागलेलो असायचो, पावसाळ्यात तर हे लाकूडच काय, हवासुद्धा वाळवायला निघायचे. इथे ओल असेल हा विचारच माझ्या डोक्यात शिरला नव्हता. जिथे माझे ओठ फुटत होते तिथे ओल कुठून येणार? ती पाहुण्यांसाठी आणली जात होती.

मी गयाबाईंना काही बोलले नाही. सलीमने हॉर्न वाजवला आणि मी गाडीत जाऊन बसले.

पुढचा सगळा रस्ता मी ते मनात धरून बसले होते, आणि ह्याचं कारण गयाबाईंना वाईट वाटेल एवढंच नव्हतं. एक तर ती दृष्ट माझी नव्हती, हे कळून छातीवरचं ओझं उतरलं होतं. टँकरचं पाणी माझ्या डोळ्यांत भुसा जाऊ नये म्हणून सांडलेलं होतं. माझ्या येण्यासाठी कोणी काही केल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. पण दुसरंही मनात येत होतं. हे सांगितलं की सलीमच्या फळ्या फुटायच्या थांबतील. आणि फळ्या फुटायच्या थांबल्या की संध्याकाळी तो कशाला फोन करेल?

दोन्ही बाजूंनी काळी जमीन, कणसांवर आलेली ज्वारी, मधूनच मोसंबीची बाग, बांधावर पऱ्हाट्यांचे भारे. वाटेत सलीमच्या ओळखीच्या एकाच्या शेतात हुरडा खाल्ला. शेणीच्या आरावर, निखाऱ्यांत, कणीस भाजायचं, हातावर चोळून दाणे काढायचे आणि शेंगदाण्याच्या चटणीशी खायचे. दाणे कोवळे, दुधाळ, गोड. त्या शेतातल्या वहिनींनी स्वतःच्या हातांनी चोळून दाणे माझ्या तळहातावर ओतले. त्यांचे तळवे निखाऱ्याने लाल झाले होते. मी "पुरे" म्हणेना, म्हणून त्याही थांबेनात.

लागवडीत पोचलो. खोडं गेलेली, ओळीने बुंधे, आणि त्यांच्यामध्ये फांद्याच फांद्या पडलेल्या. सलीमने आणि मी मिळून भरायला सुरुवात केली. मला तो नको नको म्हणत होता, पण मी लहान डहाळ्या उचलत होते.

"अब्बांच्या वखारीत हे सगळं जळणाला जायचं," तो म्हणाला. "मी लहानपणी इचारायचो, ह्याचं काही होत न्हाई का? ते म्हणायचे, बेटा, सीधं लाकूड तेच लाकूड." फांदी गाडीत फेकून तो उभा राहिला. "उद्या फुटला ना काकू, तर मशीन काढून टाकतो. पुन्हा भाड्याने पिकअप चालवंल. तुम्हाला परत पाहिजे असंल तर सांगा. तुमची शेड रिकामीच हाय न्हाई का?"

रिकामीच होती. तेलाच्या त्या डागावर पुन्हा प्रेस उभा राहिला असता. एक क्षण मला तो दिसलासुद्धा, निळा रंग दिलेला. त्याच्याजवळ उभं राहून मी काय केलं असतं देव जाणे. फळ्या कोणासाठी दाबल्या असत्या?

मी हातातली डहाळी खाली ठेवली आणि म्हटलं, "सलीम, तुझी काडी ओली आहे."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी पाण्याचं सांगितलं, ढिगाचं, मुठीचं, पाहुण्यांचं. साहेब, साडू, बँकेचा माणूस. तो ऐकता ऐकता फांद्यांच्या ढिगावर खाली बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले. "याने की खातिरदारीनं फुटून राह्यले! आणि मी लिंबू बांधून राह्यलो, काकू. दर शनिवारी नवा लिंबू."

मग एकदम गंभीर झाला. "पण गयाबाईला मी न्हाई सांगणार. तिनं मला खांद्यावर खेळवलं. तुम्ही सांगा."

संध्याकाळी मी सांगितलं. गयाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. दृष्ट नव्हती याचा त्यांना आनंद झाला नाही. त्यांना वेगळीच काळजी पडली. "उद्याला साहेब यायचे, आन् आंगण कोरडं? धुळीत बसवायचं व्हय पाव्हन्यांना?" मी म्हटलं, रस्त्यापासून फाटकापर्यंत हवं तेवढं शिंपडा, आत नको. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी मानलं. आम्ही तिघांनी मिळून वाळलेल्या काड्या निवडल्या, शेडच्या आत बाजांवर पसरल्या आणि ओल्या दूर उन्हाच्या बाजूला नेल्या. काम करता करता त्या हळूच म्हणाल्या, "काल मीठ-मोहरी तुमच्यासाठी न्हवती माय. मशिनीसाठी हुती." मी म्हटलं, "माहीत आहे." मला माहीत नव्हतं. पण आता झालं होतं.

गुरुवार

संस्थेचा इंजिनिअर आला. तरुण, चष्म्यातला, तिसऱ्यांदा यावं लागल्याचा कंटाळा लपवणारा. गयाबाईंनी फाटकाबाहेर इतकं पाणी शिंपडलं होतं की त्याच्या बुटांना चिखल लागला. आत मात्र कोरडी धूळ. त्या पदर सावरत पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आज धुळीत बसा. आमचा नाइलाज हाय." त्याला काही कळलं नाही, तो नुसता मान हलवून बसला.

थर लागले. प्रेस बंद झाला. मी पंपाचा आवाज ऐकत उभी होते. हातांचं काय करावं ते कळेना म्हणून पदराचं टोक पिळत होते. सलीमने दाब सोडायला घेतला तेव्हा गयाबाईंनी डोळे मिटले. पाटी वर गेली.

आवाज आला नाही.

सलीमने जाऊन फळीवर बोटाची टिचकी मारली, इकडे, तिकडे, मध्ये. सगळीकडे एकच सूर. पोकळ कुठेच नाही. शाहीन दारात उभी होती, ती "या अल्लाह" म्हणून खालीच बसली.

फळी थंड होईपर्यंत जेवणं झाली. मग ती दोन ओंडक्यांवर आडवी टाकली. इंजिनिअरने वाळूची पोती सांगितली होती, ती आणणाऱ्याचा ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडला होता. साहेब घड्याळ बघायला लागला. सलीम म्हणाला, "साहेब, तुमच्या शाळेत पोती बसणार हायेत का? मानसं उभी करतो की." समोरच्या फडातून ऊसतोडीच्या बाया दुपारची सुट्टी करून गंमत बघायला जमल्याच होत्या. त्यांना बोलावलं. त्या लाजत, एकमेकींना ढकलत फळीवर चढल्या. सलीम चढला, शाहीन चढली, गयाबाई चढल्या. इंजिनिअर खाली वाकून दोरा धरून फळी किती वाकली ते मोजत होता. "अजून एक जण चालेल," तो म्हणाला.

"काकू, या ना," सलीमने हात पुढे केला.

मी चढले. मधोमध जागा होती तिथे त्यांनी मला ओढून घेतलं. एका बाईचा खांदा माझ्या छातीला, गयाबाईंची कोपर माझ्या बरगडीत, मागून शाहीनने तोल जाऊ नये म्हणून माझी कंबर धरली. उसाच्या पाचटाचा वास, घामाचा, तेलाचा. पायाखाली फळी जराशी लवली आणि तशीच राहिली. "हलू नका," साहेब खालून म्हणाला. मला हलायचंच नव्हतं. इतक्या माणसांच्या मध्ये, इतकं घट्ट, मी किती काळानंतर उभी होते. त्याने आणखी वेळ मोजावं, दोरा पुन्हा लावून बघावा, पोत्यांचा ट्रॅक्टर संध्याकाळपर्यंत येऊच नये असं मला वाटत होतं.

"झालं. उतरा," साहेब म्हणाला. "चांगली आहे."

सगळे एकदम हसत उतरले. ऑर्डर तिथेच तोंडी पक्की झाली. सलीमने सगळ्यांना पेढे वाटले, पहिला मला दिला. मी फळीवरून शेवटची उतरले.

शुक्रवार, अंबड स्टँड

शाहीनने पिशवीभर मोसंबी दिली होती. गयाबाई शेडवरच भेटल्या. जाणाऱ्याच्या वाटेवर पाणी टाकू की नको असा विचार त्यांना पडलेला दिसला, मग त्यांनी दोनच थेंब टाकले. सलीम स्टँडवर सोडायला आला. रात्री झोपला नसावा, पण चेहरा नुसता फुललेला. नवी ऑर्डर, फांद्या कुठून आणायच्या, आणखी एक माणूस ठेवायचा का, असं एकामागून एक बोलत होता. बस लागली तशी त्याने माझी पिशवी वर ठेवली आणि खिडकीशी येऊन उभा राहिला.

"काकू, तुमचे लई उपकार झाले. रोज संध्याकाळी फोन करून करून डोकं खाल्लं मी तुमचं. आता बिलकुल तरास न्हाई देणार. फोन करायचं कामच न्हाई पडणार बघा."

तो हे इतक्या मनापासून म्हणाला की मीही "बरं झालं" म्हटलं. गाडी सुरू झाली होती. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, असं वाटून मी खिडकीच्या गजाला धरलं.

"सलीम, फळ्या चांगल्या निघाल्या तरी फोन कर."

"हो ना. सांगतो की, साहेबांचं पुढचं काय होतं ते."

"तसं नाही रे. काही काम नसलं तरी कर."

उगाच हो म्हणून वेळ मारून नेणारा तो माणूस नाही. त्याने खरोखर विचार केला, कपाळाला आठी घालून, दाब किंवा तापमान विचारताना घालायचा तशीच.

"करंल की, काकू. पण मंग बोलायचं काय?"

कंडक्टरने बेल मारली. सलीम उत्तरासाठी गाडीबरोबर चार पावलं चालत आला. प्रेसबद्दल त्याने विचारलेल्या एकाही प्रश्नाला मी अडले नव्हते. ह्याला अडले.